गावची शाळा, वस्तीची शाळा

(मे २०१३ च्या शिबिरात शाळा-पाहणी गटानं केलेलं बोलणं. ज्या वस्त्यांना शिबिराला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथं देत आहोत. एकानं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



जमिनीचं बोलायला जमलो अन् ह्यांनी शाळेचं काय काढलं, असं काही जणांच्या मनात आलं असंल. आमच्याही मनात तेच आलं होतं. दावे अडकलेत, मोजणी राहिलीय, वरून ह्या साली दुष्काळ. मोसंबीच्या बागा जळून सरपण झाल्या, टँकर आला तर आला. त्यात शाळा कुठं बघत बसायची?

पण झालं असं. एका वस्तीच्या बैठकीत एक बाई उठली अन् म्हणाली, "आपली ही शाळा बंदच करा. एक खोली, एक गुरुजी, चार वर्ग. माझं लेकरू तिसरीला गेलं, त्याला आपलं नाव लिहिता येईना. गावच्या शाळेत घाला सगळ्यांना." तिचं संपलं नाही तोच मागून एक म्हातारा बाबा म्हणाला, "पोरी, ह्या माळावर सरकारनं आपल्याला ही एकच गोष्ट दिली. शाळा गेली तर आपण इथं राहतो हे कोण सांगंल?"

दोघांचंही खरं होतं. बैठक तिथंच अडली. मग ठरलं, आधी बघू. गावची शाळा किती चांगली, वस्तीची किती वाईट, हे डोळ्यांनी बघू, मग बोलू. आम्ही पाच जण भोकरदन-जाफराबादकडच्या अन् अंबड-घनसावंगीकडच्या काही शाळांत जाऊन बसलो. सगळ्या जिल्हा परिषदेच्याच. शाळांची नावं मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की भांडण त्या गुरुजीशी होतं आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला.

नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर

गावची शाळा बघा. भिंत आहे, फाटक आहे. खोल्यांना रंग दिलेला, भिंतीवर अंक, अक्षरं, नकाशा. सातवीपर्यंत वर्ग. हापसा आवारातच. खिचडी शिजवायला पत्र्याची का होईना, खोली आहे.

वस्तीची शाळा बघा. एक खोली, एक ओटा. पहिली-दुसरी ओट्यावर, तिसरी-चौथी आत. दोन शिक्षकांची जागा, पण दुसरे गुरुजी दुसऱ्या कामावर. संडास बांधलेला आहे, पण पाणी नाही, म्हणून त्यात सरपण ठेवलंय. खिचडी बाहेर तीन दगडांवर. पाऊस आला की चूल ओट्यावर, अन् पहिलीचा वर्ग खोलीत.

एवढंच बघून परत आलो असतो तर त्या बाईचंच बरोबर, असं म्हणून मोकळे झालो असतो.

वाचायला लावलं तर

'असर' नावाची एक पाहणी २००५ पासून देशभर खेड्यापाड्यांत होते. त्यात एक शहाणपणाची गोष्ट आहे. लेकराला शाळेत गाठत नाहीत, घरी जाऊन गाठतात. कारण शाळेत मोजलं की जे लेकरू त्या दिवशी आलंच नाही, ते मोजणीतून सुटतं. अन् आपली लेकरं नेमकी तीच असतात. घरी दुसरीच्या पुस्तकाच्या पातळीचा उतारा देतात, हातच्याची वजाबाकी देतात. ती पाहणी सगळ्या जिल्ह्याचं चित्र सांगते, आपल्या एका वस्तीचं सांगत नाही. म्हणून आम्हीच दुसरीचं पुस्तक पिशवीत घातलं अन् संध्याकाळी घरोघर फिरलो.

जे दिसलं ते सांगतो. वस्तीच्या शाळेत जी लेकरं आजीजवळ बारा महिने राहिली, त्यांनी उतारा वाचला. अडखळत वाचला, पण वाचला. जी लेकरं दिवाळीनंतर आई-बापाबरोबर कारखान्यावर गेली, ती अक्षरावरच थांबली. शाळा तीच, गुरुजी तेच, खोली तीच.

मग गावच्या शाळेत जाणारी आपली लेकरं गाठली. शाळेला रंग आहे, भिंत आहे, पण आपली बरीच लेकरं मागच्या रांगेतली. त्यांतलीही ऊसतोडीला जाणारी अक्षरावरच थांबलेली. एक पोरगी म्हणाली, "बाई पुढच्यांना विचारत्यात." अन् एक जण तर म्हणाला की त्याला घरची बोली कळते, पुस्तकातली कळत नाही, पण हे सांगायचं कोणाला?

म्हणजे चांगली शाळा मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, अन् वाईट शाळाही बारा महिने बसणाऱ्या लेकराला थोडंफार देते. इथं आमचं पहिलं मत बदललं. आणखी एक सांगायला पाहिजे. वस्तीवरच्या एका गुरुजीला प्रत्येक लेकराचं नाव, त्याच्या बापाचं नाव अन् तो कोणत्या टोळीबरोबर गेला, हे सगळं तोंडपाठ होतं. चांगलं दिसलं ते चांगलं म्हणायला पाहिजे.

एकाच शाळेचे दोन महिने

सगळ्यात मोठी तुलना आम्हाला नंतर सुचली. गावची अन् वस्तीची शाळा तर ताडून बघितलीच. पण वस्तीचीच शाळा सप्टेंबरात बघा आणि जानेवारीत बघा.

सरकार दरवर्षी प्रत्येक शाळेची माहिती गोळा करतं. पट किती, खोल्या किती, संडास आहे की नाही. ही माहिती ३० सप्टेंबरच्या तारखेची असते. किती शिक्षक द्यायचे तेही पटावरूनच ठरतं. ३० सप्टेंबरला आपली वस्ती भरलेली असते. मुकादमाची उचल घेतलेली असली तरी टोळ्या निघालेल्या नसतात. कागदावर शाळा भरलेली.

२०११ ची पटपडताळणी आठवते ना? ३ ते ५ ऑक्टोबरला अख्ख्या राज्यात एकाच वेळी लेकरं मोजली, बोटाला शाई लावली. खोटा पट दाखवून अनुदान खाणारे उघडे पडले, ते बरंच झालं. आपल्या लेकरांच्या बोटालाही शाई लागली, कारण ६ तारखेला दसरा होता अन् लेकरं घरी होती. दिवाळीनंतर तीच लेकरं उसाच्या फडात. शाई खोटी नव्हती अन् पटही खोटा नव्हता. पण जानेवारीत शाळेत बोटावर मोजण्याइतकी लेकरं उरली होती.

मग कोणी अधिकारी जानेवारीत येतो, चार लेकरं बघतो अन् म्हणतो, "आदिवासींना शिक्षणाची आवडच नाही." आवड नाही म्हणून लेकरू फडात जात नाही. मागं त्याला भाकरी करून घालायला कोणी नाही म्हणून जातं. हे दोन महिन्यांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवले की बोलणाऱ्याचं तोंड बंद होतं. एकच आकडा ठेवला की आपलं बंद होतं.

तुलना कोणाशी करायची?

आपण एक चूक करतो. आपल्या लेकराची तुलना गावच्या लेकराशी करतो अन् मान खाली घालतो. तुलना लेकरांची करायची नाही, शाळांची करायची. अन् शाळांची करायची तर शेजारच्या शाळेशी थांबायचं नाही, कायद्याशी करायची. गावच्या शाळेतही काही गोष्टी कमी आहेत, मग तिच्या बरोबरीचं मागून काय होणार?

शिक्षणहक्क कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून लागू. शाळांनी सगळ्या सोयी करायला तीन वर्षांची मुदत होती. ती ह्याच वर्षी ३१ मार्चला संपली. म्हणजे 'होईल हळूहळू' असं आता कोणाला म्हणता येत नाही. कायद्यात काय आहे ते नीट ऐका:

– पहिली ते पाचवीला ६० लेकरांपर्यंत २ शिक्षक. ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४. पट कमी आहे म्हणून एकाच गुरुजीवर शाळा चालवायची, असं कायद्यात कुठंच नाही.

– प्रत्येक शिक्षकामागं एक खोली. उन्हापावसात टिकेल अशी इमारत.

– मुलांचा अन् मुलींचा संडास वेगळा. पिण्याचं स्वच्छ पाणी. स्वयंपाकाची जागा. खेळायला मैदान. कुंपण.

– पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस अन् ८०० तास शिकवणं. पुढं सहावी ते आठवी २२० दिवस अन् १००० तास.

– गुरुजीला जनगणना, निवडणूक अन् आपत्तीतली मदत सोडून दुसरं बाहेरचं काम लावायचं नाही.

– लेकराला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं. दाखला आणला नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणून परत पाठवायचं नाही. सालाच्या मधेच आलं तरी घ्यायचं. म्हणजे कारखान्याच्या गावातल्या शाळेलाही आपलं लेकरू नाकारता येत नाही.

– होईल तितकं लेकराच्या घरच्या भाषेत शिकवायचं.

आता ह्या यादीवर दोन्ही शाळा ठेवून बघा. सरकारी कागदावर संडासापुढं 'आहे' लिहिलेलं असतं. पाणी आहे का, कुलूप आहे का, आत सरपण आहे का, हे तिथं कळत नाही. म्हणून आपल्या यादीत तीन रकाने करायचे: कायद्यात काय, कागदावर काय, प्रत्यक्षात काय.

हे मागणं आजचं नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढं महात्मा फुल्यांनी हेच मांडलं होतं, की सरकारी तिजोरी भरते कष्टकऱ्यांच्या घामानं अन् शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या लोकांच्या पोरांवर. एकशे एकतीस वर्षं झाली. आपण तेवढाच हिशेब पुन्हा मांडतोय.

'फॉरेस्टची जागा आहे, बांधता येत नाही'

हे उत्तर आम्हाला ठिकठिकाणी मिळालं. दुसरी खोली का नाही? वनखात्याची जमीन. हापसा का नाही? वनखात्याची जमीन. आपल्या जालना जिल्ह्यात जंगल म्हणायला नावालाच. पण जो माळ, जो डोंगर कागदावर वनखात्याचा आहे, तिथं हे उत्तर तयार असतं.

हे उत्तर चुकीचं आहे. वनहक्क कायदा २००६ चा, त्यातलं कलम ३(२) लिहून घ्या. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रेशन दुकान, पिण्याचं पाणी, रस्ता अशा १३ कामांसाठी वनजमीन देता येते. अटी अशा: प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, अन् ग्रामसभेची शिफारस पाहिजे. ज्या खात्याला बांधायचं ते प्रस्ताव ग्रामसभेपुढं ठेवतं, ग्रामसभा ठराव करते, मग तो वनखात्यात विभागीय वन अधिकाऱ्याकडं जातो. त्यांना मान्य नसेल तर जिल्हास्तरीय समितीपुढं जातो. आपल्या माळावर एका खोलीसाठी एकही झाड तोडायला लागत नाही. तोडायला झाडं आहेत कुठं?

पेसा कायदा आपल्या जिल्ह्याला लागू नाही, हे खरं. मराठवाड्यात अनुसूचित क्षेत्र आहे ते किनवटकडं. जालन्यात आपण शंभरात दोनच्या आसपास, त्यामुळं आपल्याकडं कोणाचं लक्ष जात नाही. पण वनहक्क कायदा अन् शिक्षणहक्क कायदा सगळीकडं लागू आहेत. 'तुमचा जिल्हा आदिवासी नाही' असं म्हटलं म्हणून हे दोन कायदे उडून जात नाहीत.

मग शाळा बंद करायची का?

त्या बाईला आम्ही उत्तर देणं लागतो. आमच्या गटातही दोन मतं होती, ती लपवत नाही. एक जण म्हणाला, लेकरं गावात सगळ्यांबरोबर बसली पाहिजेत, वेगळी शाळा म्हणजे वेगळी पंगत. ह्यात तथ्य आहे.

पण बघा. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत पाहिजे, असं आपल्या राज्याच्या नियमात आहे. सहा वर्षांचं लेकरू ओढा ओलांडून पावसाळ्यात दोन-तीन किलोमीटर जात नाही. ते चार दिवस जातं अन् पाचव्या दिवशी शेरडांमागं जातं. पोरीला तर आईच पाठवत नाही. बंद करणं सोपं, पुन्हा उघडणं अवघड. म्हणून आमचं मत असं झालं: पाचवीपर्यंत वस्तीतच, पण कायद्याप्रमाणं पुरी शाळा. पुढं गावच्या शाळेत, पण पुढच्या रांगेत.

काही जण नर्मदेकाठच्या जीवनशाळांचं नाव घेतात. तिथल्या लोकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून स्वतःच्या शाळा उभ्या केल्या, लेकरांच्या बोलीतून शिकवलं. त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण आपल्याकडं शाळा कागदावर आहे, पगार निघतो, धान्य येतं. ती आपणच सोडून दिली तर सरकार सुटलं.

त्या बाबाचं म्हणणं

आता त्या म्हाताऱ्या बाबाचं. शाळा गेली तर आपण इथं राहतो हे कोण सांगंल, असं ते म्हणाले होते. त्यांनी कायदा वाचलेला नाही, पण ते बरोबर बोलले.

वनहक्काच्या दाव्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो, अन् एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. ज्या वस्त्यांवर त्याआधी वस्तीशाळा सुरू झाली, तिथं शाळेचा मंजुरीचा कागद अन् दाखल रजिस्टरात 'राहणार' पुढं वस्तीचं नाव, हा वस्ती तिथं होती ह्याचा सरकारी कागद आहे. एकट्या त्यावर दावा मंजूर होत नाही, पण दुसऱ्या पुराव्यांबरोबर जोडता येतो. आतापर्यंत आपण तो जोडलाच नव्हता.

दुसरं जातीच्या दाखल्याचं. दाखला काढायला गेलं की ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचं मागतात. तेव्हा इथं निजामाचं राज्य जाऊन दोनच वर्षं झाली होती. आपला आजा-पणजा शाळेत गेलाच नाही, तर नोंद कुठून आणायची? ज्याच्या घरात एक जण जरी तेव्हा शाळेत गेला, त्याच्या घरात आज दाखले आहेत. म्हणून आज आपल्या लेकराचं नाव, आडनाव, जात, जन्मतारीख रजिस्टरात नीट आहे का, ते स्वतः बघा. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला घेऊन जा. शाळा सोडल्यावर दुरुस्ती फार अवघड होते.

शाळा उघडायच्या आधी करायची कामं

१. आत्ता, सुट्टीतच. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेत जेवण द्यायचं, असा सुप्रीम कोर्टाचा २० एप्रिल २००४ चा आदेश आहे. पाचवीपर्यंत लेकरामागं रोज १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवी १५० ग्रॅम. आपल्या वस्तीत चूल पेटते का ते बघा. पेटत नसेल तर लेखी विचारा. स्वयंपाकाच्या कामात दलित-आदिवासी बायांना प्राधान्य द्या, असंही त्याच आदेशात आहे.

२. शाळा व्यवस्थापन समितीत कोण आहे ते विचारा. तिच्यात शंभरात ७५ पालक पाहिजेत, निम्म्या बाया पाहिजेत, अन् आपल्यासारख्या वंचित घरांना प्रमाणात जागा पाहिजे. नुसता अंगठा घ्यायला वही घरी आणली तर देऊ नका. बैठकीला जा.

३. तीन रकान्यांची यादी करा. वस्तीची शाळा अन् गावची शाळा, दोन्हींची. गुरुजीला बरोबर घ्या, विरोधात घेऊ नका. दुसरा शिक्षक, दुसरी खोली त्यालाही पाहिजेच आहे.

४. ती यादी ग्रामसभेत वाचा, इतिवृत्तात लिहून घ्या. मग शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणं लेखी तक्रार द्या अन् पोच घ्या. तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं.

५. टोळ्यांबरोबर कोणाची लेकरं जाणार, ती यादी ऑगस्टमध्येच तयार करा. मागं राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह मागा. आपल्या जिल्ह्यात अशी वसतिगृहं चालली आहेत. लेकरू गावात राहतं, दोन वेळ जेवतं, शाळेत जातं. दिवाळीला मागायला गेलो तर टोळी निघून गेलेली असते.

६. ३० सप्टेंबरचा पट अन् जानेवारीतली हजेरी, दोन्ही लिहून ठेवा. पुढच्या शिबिरात सगळ्या वस्त्यांचे कागद शेजारी-शेजारी लावू.

आम्ही त्या वस्तीत परत गेलो होतो. ती बाई अजून रागातच आहे. म्हणाली, "तुमचं तीन महिने, सहा महिने चालू द्या. माझं लेकरू चौथीला चाललं." तिचा राग रास्त आहे अन् तो आपल्या अंगावर घ्यायला पाहिजे. मग ती म्हणाली, "समितीत माझं नाव घाला." म्हातारा बाबा ओट्यावर बसला होता, काही बोलला नाही, नुसता हसला.

एवढंच आमचं बोलणं. काही चुकलं असंल तर दुरुस्त करा, अन् तुमच्या शाळेचं तुम्ही लिहून पाठवा.

जिंदाबाद!